↑ हा बाण कुठे, कसा आणि कधी वापरायचा : नोटीस, रिपोर्ट, पत्रिका आणि मोबाइलसाठी सविस्तर मार्गदर्शक

गेल्या उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका दुकानात आले. हातातल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : "उद्या पाणी ↑ सकाळी १०.३०". ठाण्यात, नौपाड्यात माझं डीटीपीचं काम आहे, अशा नोटिसा दिवसाला चार-पाच निघतात. काही न विचारता मी ती ए-फोरवर मोठ्या अक्षरात टाइप केली, दोन प्रिंट काढून दिल्या. काकांना सांगायचं होतं, की साडेदहाला खालच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवणार आणि तोवर नळ कोरडे राहणार. रहिवाशांनी वाचलं, की साडेदहाला पाणी वाढणार, प्रेशर चांगलं येणार. त्यामुळे सकाळी कोणी बादल्या भरून ठेवल्याच नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी कुकर लावायला घेतला आणि नळाला थेंब नव्हता.

चूक माझीही होती. मी बाण टाइप केला, पण तो काय म्हणतोय हे वाचलं नाही. त्यानंतर प्रत्येक बाणाकडे मी क्रियापद म्हणून बघायला लागले. "वाढलं" म्हटलं की आपण लगेच विचारतो, काय वाढलं? "वर जा" म्हटलं की विचारतो, कुठे? बाणालाही कर्ता लागतो, आणि तो आपणच लिहून द्यावा लागतो.

पहिली पायरी : बाणाच्या जागी मराठी शब्द ठेवून बघा

आपल्याकडे ↑ हे चिन्ह निदान पाच अर्थांनी चालतं. वाढलं किंवा जास्त आहे. वरच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर. सरळ पुढे जा. वर लिहिलेलं बघा. आणि नकाशात, उत्तर दिशा इकडे. पाचही अर्थ बरोबर आहेत. अडचण येते ती दोन अर्थ एकाच जागी बसतात तेव्हा.

म्हणून मजकूर लिहून झाला की बाण काढा, त्या जागी शब्द ठेवा आणि मोठ्याने वाचा. "उद्या पाणी वाढेल" आणि "उद्या पाणी वर चढवणार", दोन्ही वाक्यं सुरळीत वाचता येतात. म्हणजे तिथे बाण नको, शब्दच हवा. "हिमोग्लोबिन ↓" इथे मात्र "कमी" याखेरीज दुसरा शब्द बसत नाही, तिथे बाण खुशाल ठेवा. ही परीक्षा करायला अर्धं मिनिट लागतं. मी आता गिऱ्हाईक समोर असतानाच करते.

दुसरी पायरी : कोणता बाण?

वर टोक असलेली चिन्हं डझनभर आहेत आणि दिसायला भावंडं असली तरी प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

↑ हा साधा, मजकुरातला बाण. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक २१९१. बाणांसाठी युनिकोडने ११२ जागांचा एक स्वतंत्र गट ठेवला आहे, त्यातला हा दुसरा. पहिला डावीकडचा ←, मग हा, मग → आणि ↓. अक्षरांचा जो रंग आणि आकार असेल तोच हा घेतो. पुस्तक, रिपोर्ट, नोटीस, प्रश्नपत्रिका, सगळीकडे हाच वापरा.

⬆ हा जाड बाण वेगळा आहे, त्याचा क्रमांक २बी०६. हा इमोजीच्या यादीत आहे, ↑ नाही. म्हणूनच मोबाइलवर जाड बाण पुष्कळदा निळ्या किंवा करड्या चौकोनात बसून येतो आणि संगणकावर तोच काळा दिसतो. छापायच्या मजकुरात तो चौकोन आला की ओळ बिघडते. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर तसाच चिकटवला की हे हमखास होतं.

▲ हा बाण नाही, त्रिकोण आहे. भाव वर गेला, खाली आला हे दाखवायला आकड्यांच्या तक्त्यात तो उत्तम, कारण लहान अक्षरातही उठून दिसतो. दिशा दाखवायला मात्र वापरू नका. लांबून बघणाऱ्याला त्याची शेपटी सापडत नाही.

⇧ ही कळफलकावरच्या शिफ्टची खूण. "टाइप करताना ⇧ दाबा" असं लिहायचं असेल तरच ती घ्या.

राहिलं ^. याला बरेच जण "छोटा बाण" म्हणतात, पण लिहिताना याचं काम निराळं आहे. जुन्या पोथ्यांत लिहिताना एखादं अक्षर राहून गेलं, की ते कुठे घालायचं हे दाखवायला कावळ्याच्या पावलासारखी खूण करत, तिला काकपद म्हणतात. आजही प्रूफ तपासताना आम्ही राहिलेल्या शब्दासाठी ^ असंच करतो. गंमत म्हणजे संगणकाच्या जगात या दोघांचं जुनं नातं आहे. आस्की म्हणजे संगणकात रोमन अक्षरांना आकडे देणारा जुना संकेत. १९६३ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत आज जिथे ^ आहे, तिथे खरोखरच ↑ होता. पुढे १९६७ च्या आवृत्तीत त्याची जागा ^ ने घेतली. घातांक लिहायला बेसिक या संगणकभाषेत ↑ वापरत, त्याचा ^ झाला तो यातूनच. पण म्हणून आज नोटिशीत "जिना ^" लिहू नका. वाचणाऱ्याला वाटेल काहीतरी लिहायचं राहिलंय.

तिसरी पायरी : टाइप कसा करायचा

विंडोजच्या संगणकावर, कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असेल, तर सर्वांत जलद मार्ग हा : नमलॉक चालू करा, आल्ट दाबून धरा, त्या उजव्या संचावर २४ दाबा, आल्ट सोडा. ↑ उमटतो. २५ ला ↓, २६ ला →, २७ ला ←. त्रिकोणासाठी ३० ला ▲ आणि ३१ ला ▼. वरच्या रांगेतल्या आकड्यांनी हे होत नाही, त्यामुळे लहान लॅपटॉपवर लोक वैतागतात.

लॅपटॉपवर वर्डमध्ये काम करत असाल तर २१९१ टाइप करा आणि लगेच आल्ट व एक्स एकत्र दाबा. आकडे जाऊन बाण येईल. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मराठी टाइप करणाऱ्यालाच नडते. कळफलक मराठीवर असेल आणि २१९१ हे आकडे देवनागरीत उमटले, तर काहीच होत नाही. आधी कळफलक इंग्रजीवर आणा, आकडे इंग्रजीत टाका, बाण मिळवा, मग परत मराठीवर जा. आणखी एक. आधीच्या शब्दाला चिकटून आकडे टाइप करू नका, मध्ये जागा सोडा.

वर्डबाहेर कुठेही असाल तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा. इमोजीची खिडकी उघडते, तिच्यात चिन्हांचा वेगळा कप्पा असतो. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबलं की तशीच खिडकी येते. वेबपेज बनवणाऱ्यांनी ॲम्परसँड, मग यू-ए-आर-आर ही चार अक्षरं आणि शेवटी अर्धविराम लिहिला की ब्राउझर ↑ दाखवतो.

अँड्रॉइडच्या जीबोर्डवर आकड्यांच्या पानावर जा, तिथून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जा आणि ^ ही कळ दाबून धरा. वर चारही बाण येतात. हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून लोक इमोजी शोधत बसतात आणि चौकोनातला बाण पाठवतात. आयफोनवर सोपा उपाय म्हणजे सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट असं जाऊन एकदाच ↑ कॉपी करून ठेवायचा आणि त्याला स्वतःचं छोटं नाव द्यायचं. मी "वरबा" दिलंय. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्येही असंच करता येतं.

एक मार्ग टाळाच : विंगडिंग्जसारख्या फाँटमधून बाण घेणं. तिथे खरा बाण नसतो, एका रोमन अक्षराला बाणाचं चित्र दिलेलं असतं. फाँट बदलला की मूळ अक्षर उघडं पडतं. काही ई-मेलमध्ये वाक्याच्या मधोमध डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए' दिसतं ना, तो बहुतेक वेळा असाच कपडे उतरलेला → असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटांतही हाच धोका आहे. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की शब्द येतात, पण चिन्हं भलतीच होतात. असा मजकूर बदलून घेतला की बाण एकेक करून हाताने तपासा.

रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी

यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे चुकलं तर ते तब्येतीवर जातं.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी ↑ दिसला, की घरचे घाबरून म्हणतात, "वाढली!" पण तो बाण मागच्या वेळेपेक्षा वाढ झाली असं सांगत नाही. शेजारी छापलेल्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षा आकडा वर आहे, एवढंच तो सांगतो. समजा तीन महिन्यांपूर्वी उपाशीपोटी साखर १६० होती आणि आज १३० आली. मर्यादा ७० ते १०० छापलेली असेल, तर दोन्ही रिपोर्टांवर ↑ च असणार. साखर ३० ने उतरली आहे, ही आनंदाची बातमी बाणाच्या आड लपून जाते. म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवा आणि बाण न बघता आकडे बघा. त्या आकड्यांचा अर्थ मात्र डॉक्टरांनाच विचारा.

घरी कोणाच्या बीपीची, साखरेची वही ठेवत असाल तर आणखी एक पथ्य. तुमच्या वहीतला बाण "कालपेक्षा" आहे की "मर्यादेपेक्षा" आहे, हे पहिल्या पानावर लिहा. वडिलांच्या वहीत मी एक अर्थ धरत होते आणि भाऊ दुसरा. आठवडाभर आम्ही फोनवर एकमेकांना उलट सांगत होतो.

औषधांच्या बाबतीत हाताने काढलेला बाण अजिबात नको. "गोळी ↑" याचा अर्थ गोळ्यांची संख्या वाढवायची, की मिलिग्रॅम? आणि घाईत काढलेला बाण ४ किंवा ७ सारखा दिसतो. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था औषधातल्या चुका टाळण्यासाठी धोकादायक खुणांची यादी काढते, तिच्यात ↑ आणि ↓ दोन्ही आहेत. घरातल्या ज्येष्ठांसाठी औषधांचा तक्ता करून घ्यायला माझ्याकडे लोक येतात, त्यांना मी पूर्ण वाक्यच टाइप करून देते : "सोमवारपासून सकाळी अर्धीऐवजी एक गोळी." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाण असेल तर क्लिनिक सोडण्याआधी विचारा, "डॉक्टर, हे नेमकं किती?"

आकडे, टक्के आणि रंग

सोसायटीच्या वार्षिक हिशेबात किंवा क्लासच्या निकालाच्या जाहिरातीत बाण हमखास येतो. निकाल मागच्या वर्षी ८० टक्के होता, यंदा ९०. सर म्हणतात, "↑ १०% टाका." हे धड बरोबर नाही. ८० वरून ९० म्हणजे टक्केवारी १० ने वाढली, पण वाढीचं प्रमाण साडेबारा टक्के. वाचणारा यातलं काहीही समजू शकतो. सरळ "८०% → ९०%" लिहा. आडवा बाण दोन्ही टोकं दाखवतो, म्हणून तो जास्त प्रामाणिक.

एक्सेलमध्ये बाण हाताने टाकत बसू नका, आकडा बदलला की बाण तसाच उलटा राहतो. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये बाणांचे तयार संच आहेत, ते आकड्याप्रमाणे आपोआप फिरतात. ते नको असतील तर सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये आधी वाढीचा नमुना ▲ सह, मग अर्धविराम, मग घटीचा नमुना ▼ सह लिहा.

रंगाचा विचार वेगळा करा. वर म्हणजे हिरवा, ही आपली सवय शेअर बाजारातून आलेली. चीन आणि जपानच्या बाजारात भाव वाढला की लाल दाखवतात. पण आपल्याच हिशेबातही बाण वर गेला म्हणजे चांगलं झालं, असं नसतं. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च वाढला, तिथे हिरवा ↑ टाकला तर सभासदांना तो अभिनंदनासारखा दिसेल. त्यापेक्षा बाण काळाच ठेवा.

पाट्या, लिफ्ट, नकाशे आणि पेट्या

भिंतीवरच्या पाटीवर ↑ म्हणजे बहुतेक वेळा "सरळ पुढे". पण जिन्याशेजारी किंवा लिफ्टसमोर तीच पाटी लावली, की लोक वर जातात. ठाणे स्टेशनवर हा घोळ सहज होतो, कारण तिथे सरळही जायचं असतं आणि पूलही चढायचा असतो. ऐरोलीतल्या एका ऑफिसच्या नव्या लोकांसाठी मी पत्रक केलं, त्यात आधी "प्लॅटफॉर्म ९-१० ↑" होतं. प्रूफ वाचताना ते बदलून "पूल चढून प्लॅटफॉर्म ९-१०, पनवेल किंवा वाशीची गाडी" केलं. रेल्वेच्या भाषेत "अप" म्हणजे सीएसएमटीकडे आणि "डाऊन" म्हणजे कल्याणकडे, त्यामुळे गाड्यांच्या पत्रकात ↑ टाकलाच तर वाचणारा तिसराच अर्थ काढू शकतो.

लिफ्टच्या बाहेरचं ↑ बटण तुम्हाला कुठे जायचंय ते सांगण्यासाठी आहे, लिफ्ट कुठून यावी यासाठी नाही. तुम्ही पाचव्यावर, लिफ्ट तळमजल्यावर आणि जायचंय खाली, तर ↓ दाबा. दोन्ही दाबलं की लिफ्ट दोनदा थांबते आणि आतले ताटकळतात.

लग्नपत्रिकेच्या मागे हॉलचा नकाशा असतो, त्यात कोपऱ्यात एक ↑ ठेवायची पद्धत आहे. तो उत्तरेचा बाण. पण पत्रिकेतले नकाशे जागेप्रमाणे फिरवलेले असतात, ठाण्यातली तलावपाळी त्यात कुठेही तोंड करून असते. तेव्हा बाणही नकाशाबरोबर फिरवा आणि टोकाशी "उ" लिहा. फिरवायचा नसेल तर बाण काढूनच टाका, पाहुण्यांना "तलावपाळीवरून डावीकडे" एवढं पुरतं.

वाशीच्या बाजारात माल पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नक्की. "ही बाजू वर" याची आंतरराष्ट्रीय खूण एका बाणाची नाही, दोन बाणांची आहे, खाली आडव्या रेघेवर उभे असलेले. आयएसओ ७८० या मानकात ती आहे, आणि ती पेटीच्या चारही उभ्या बाजूंवर, डावीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळ असावी. एकाच बाजूवर छापली आणि हमालाने पेटी वळवून रचली, की खूण दिसतच नाही. आंब्याच्या खोक्यांचं डिझाइन आलं की मी चारही बाजूंचा खर्च आधीच सांगते.

प्रश्नपत्रिकांसाठी

रसायनशास्त्रात समीकरणाच्या उजव्या बाजूला ↑ म्हणजे वायू बाहेर पडतो, ↓ म्हणजे साका खाली बसतो. जस्त + सल्फ्युरिक आम्ल → झिंक सल्फेट + हायड्रोजन ↑. इलेक्ट्रॉनच्या चौकटीत ↑↓ ही जोडी येते, तिथे ती एकाच आकाराची आणि मध्ये जागा न सोडता हवी. गणितात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७६ साली मांडलेली बाणांची लिपी कधीतरी ऑलिंपियाडच्या तयारीत येते. एक बाण म्हणजे घात, २↑४ म्हणजे १६. दोन बाण म्हणजे घातांचा मनोरा, ३↑↑३ म्हणजे ३ चा २७ वा घात, ७६,२५,५९,७४,८४,९८७. तिथे चुकून एक बाण गळला तर उत्तर २७ वर येतं. अशा कागदाचं प्रूफ सरांनी स्वतः वाचलंच पाहिजे.

व्हॉट्सॲपवर

ग्रुपवर "↑ हे बघा" टाकतात तेव्हा वरचा मेसेज अपेक्षित असतो. पण टाइप करेपर्यंत मध्ये तीन "गुड मॉर्निंग" येतात आणि बाण त्यांच्याकडे बोट दाखवतो. त्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, तो उत्तरात जोडला जातो, बाणाची गरजच उरत नाही. ग्रुपमध्ये कोणी स्क्रीन वाचून दाखवणारं ॲप वापरत असेल तर त्याला बाण कधी "अप ॲरो" ऐकू येतो, कधी ऐकूच येत नाही. एक शब्द जास्त लिहिला तर त्यांनाही कळतं.

छापण्याआधी

देवनागरी फाँटमध्ये बाण नसला तर संगणक तो दुसऱ्या फाँटमधून उसना घेतो, म्हणून तो शिरोरेघेच्या वर डोकावतो किंवा खाली लोंबतो. नुसता बाण निवडून आकार थोडा कमी करा आणि थोडा वर-खाली सरकवा. ओळीच्या शेवटी शब्द इकडे आणि बाण पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून दोघांमध्ये साध्या जागेऐवजी वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस दाबून न तुटणारी जागा घाला. पीडीएफ दुसऱ्या मोबाइलवर उघडा. बाणाच्या जागी रिकामा चौकोन आला तर फाँट सोबत गेलेला नाही. मग एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा, भिंतीला लावा आणि पाच-सहा पावलं मागे जाऊन बघा.

त्या सोसायटीची नोटीस या उन्हाळ्यात पुन्हा आली. काका म्हणाले, "ताई, बाण टाका ना, लोकांना पटकन कळतं." मी तिथेच दोन ओळी टाइप करून त्यांना वाचून दाखवल्या : "उद्या सकाळी १०.३० वाजता गच्चीवरची टाकी भरायला सुरुवात होईल. तोपर्यंत नळाला पाणी येणार नाही, आज रात्रीच भरून ठेवा." काकांनी चष्मा वर करून एकदा वाचलं आणि म्हणाले, "दोन नको, चार प्रिंट द्या, एक आजींच्या दारावर लावतो."